सहा दिवसांच्या सायकल रेसचा हिशोब वहीत कसा ठेवायचा (टूर डाउन अंडर बघताना)

२०१८ च्या टूर डाउन अंडरमध्ये अॅडलेडजवळच्या विलुंगाचा चढ रिची पोर्टने जिंकला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एकटा पुढे निघून जिंकला, आणि तरी लीडरची, म्हणजे एकूण निकालात पहिला असणाऱ्याची, जर्सी डॅरिल इम्पीच्या अंगावर गेली. दोघांचा एकूण वेळ अगदी सारखा होता. हे कसं झालं असं मला अजूनही लोक विचारतात, आणि जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही सायकल रेस झाल्यापासून तर असले प्रश्न फारच वाढलेत, की रोज पहिला येणारा वेगळाच असतो मग शेवटी एक विजेता ठरवतात कसा, मार्क देतात का, नंबरांची बेरीज करतात का. उत्तर एका ओळीत द्यायचं तर वेळेची बेरीज करतात. पण ती बेरीज कोणत्या क्रमाने करायची तिथेच बहुतेक जण चुकतात आणि मग म्हणतात हा खेळ काही कळत नाही. खरं तर वही-पेन्सिल घेऊन बसलात तर तिसऱ्या दिवसापर्यंत तुम्हाला कॉमेंटेटरच्या आधी कळायला लागेल की आज जर्सी बदलणार आहे.

उदाहरण म्हणून ऑस्ट्रेलियातली टूर डाउन अंडर घेतोय. एक तर ती छोटी आहे, साधारण सहा दिवसांची, आणि तिथे निकाल खरोखर सेकंदांवर लागतात. दुसरं म्हणजे जानेवारीत अॅडलेड आपल्यापेक्षा बरोबर ५ तास पुढे असतं, म्हणजे तिथे दुपारी तीनला संपणारी स्टेज (एका दिवसाची शर्यत) आपल्याकडे सकाळी दहाला संपते. युरोपातल्या रेसचे निकाल रात्री जेवायच्या वेळी लागतात, ही मात्र सकाळच्या चहाबरोबर बघता येते.

१. रेसच्या आदल्या दिवशी: तीन कागद गोळा करा

पहिला कागद म्हणजे स्टार्ट लिस्ट. वरच्या दर्जाच्या, म्हणजे वर्ल्ड टूरच्या अशा रेसमध्ये टीममागे ७ जण असतात. नंबर शक्यतो १ ते ७, मग ११ ते १७, मग २१ ते २७ असे जातात, आणि टीमचा मुख्य माणूस बहुतेक वेळा १ ने संपणारा नंबर घेतो. सगळी यादी उतरवू नका. दहा-बारा नावं घ्या: चढावर चांगले चार-पाच, स्प्रिंटर तीन-चार, आणि दोन्ही बऱ्यापैकी जमणारे दोन-तीन. या तिसऱ्या प्रकाराला लोक हमखास विसरतात आणि छोट्या रेस नेमके हेच नेतात. इम्पी याच जातीचा, सायमन गेरन्स पण याच जातीचा, आणि गेरन्सने ही रेस चार वेळा जिंकली.

दुसरा कागद स्टेजचा नकाशा आणि चढ-उताराचा आलेख, म्हणजे प्रोफाइल. तिसरा कागद नियमांचा, आणि तो कोणीच वाचत नाही. आयोजकांच्या रोडबुकमध्ये, म्हणजे रेसच्या माहितीपुस्तिकेत, त्याची दोन पानं असतात. त्यातून फक्त चार गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहा: शेवटच्या रेषेवर बोनस (एकूण वेळेतून वजा होणारे सेकंद) किती, मधल्या स्प्रिंटला (वाटेत आखलेल्या रेषेवर आधी पोचायची चढाओढ) बोनस किती, कुठल्या स्टेजला ३ सेकंदांचा नियम आहे, कुठल्या स्टेजला शेवटच्या ३ किलोमीटरचा नियम नाही (हे दोन्ही नियम पुढे पाचव्या भागात). बोनस सहसा असा असतो: शेवटी पहिल्या तिघांना १०, ६, ४ सेकंद आणि मधल्या प्रत्येक स्प्रिंटला ३, २, १. टाइम ट्रायलला, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी स्पर्धा करायच्या स्टेजला, बोनस नसतो.

*ताळा:* प्रत्येक स्टेजचे मधले स्प्रिंट कितव्या किलोमीटरला आहेत ते लिहिलंय ना? नसेल तर पुढचं सगळं लंगडं.

२. वहीचं पान आखा

आडवं पान घ्या, फुलस्केप असेल तर उत्तम. सात रकाने पाडा: नाव, सकाळचा फरक, मधले बोनस, आज कितवा, आजचा फरक, शेवटचा बोनस, नवा फरक. स्टेजला एक पान.

"सकाळचा फरक" म्हणजे लीडरपेक्षा तो किती सेकंद मागे आहे तेवढंच. चार तास बारा मिनिटं अमुक सेकंद असला पूर्ण वेळ लिहायच्या भानगडीत पडू नका, लोक तिथेच कंटाळून सोडून देतात. आपल्याला कोण कोणाच्या मागे किती एवढंच हवंय.

पेन्सिलच वापरा. निकाल लागल्यावर तासाभराने पंच मंडळी आकडे बदलू शकतात आणि पेनाने लिहिलं की पानाचा चिखल होतो.

३. स्टेज सुरू व्हायच्या आधी: सेकंद कुठे मिळतील त्यावर खुणा करा

सगळे १४०-१५० किलोमीटर सारख्याच लक्षाने बघायची गरज नाही. सेकंद तीन-चार जागीच हातात येतात. प्रोफाइलवर मधल्या स्प्रिंटला गोल करा, शेवटच्या २० किलोमीटरमधल्या चढाला रेघ मारा, आणि समुद्रकाठचा उघडा रस्ता असेल तर वाऱ्याची खूण करा, कारण बाजूचा वारा जोराचा असला की अख्खा घोळका तुकड्या तुकड्यांत तुटतो आणि तिथे चढाइतकेच सेकंद जातात.

विलुंगाचा चढ जेमतेम ३ किलोमीटरचा आणि सरासरी साडेसात टक्क्यांचा, म्हणजे १०० मीटर पुढे गेलात की साडेसात मीटर वर. आपल्या सिंहगडाच्या घाटरस्त्यापेक्षा कितीतरी आखूड. म्हणून तिथे मिनिटांचे फरक पडत नाहीत, पाच-दहा-पंधरा सेकंदांचे पडतात. पोर्टने तो २०१४ ते २०१९ सलग सहा वर्षं जिंकला पण त्या सहा वर्षांत अख्खी रेस त्याला एकदाच मिळाली, २०१७ ला. बाकी बहुतेक वर्षी त्याने चढावर कमावलं तेवढं दुसऱ्यांनी सपाटीवर बोनसमध्ये आधीच जमवून ठेवलं होतं. माझं म्हणणं असं की ही रेस विलुंगावर बघायची आणि मधल्या स्प्रिंटवर समजून घ्यायची.

*सावध:* सुरुवातीचे काही किलोमीटर न्यूट्रल असतात, सगळे गाडीमागे रमतगमत जातात. ते अंतर स्टेजमध्ये धरत नाहीत. मधला स्प्रिंट ४० किलोमीटरला आहे असं लिहिलं असेल तर ते शून्य किलोमीटरच्या पाटीपासून. हे विसरलात तर नेमका स्प्रिंटच्या वेळी तुम्ही चहा गाळत असाल.

४. स्टेज चालू असताना: काय लिहायचं, काय नाही

मधला स्प्रिंट झाला की लगेच पहिले तीन लिहा आणि पुढे उणे ३, उणे २, उणे १. बहुतेक वेळा ब्रेकअवे, म्हणजे पुढे पळालेले तीन-चार जण, हे बोनस घेऊन टाकतात आणि ते एकूण क्रमात पार खाली असतील तर तुमच्या वहीत काहीच बदलत नाही. पण कुठल्या टीमने ब्रेकअवेला मुद्दाम दाबून धरलं आणि पहिल्या स्प्रिंटपर्यंत सुटूच दिलं नाही तर समजायचं त्यांच्या माणसाला ते ३ सेकंद हवेत. २०१४ मध्ये गेरन्सने कॅडेल इव्हान्सला एकूण १ सेकंदाने हरवलं. फक्त १ सेकंद! सहा दिवसांत रस्त्यावर सांडलेला एक उणे १ पुरेसा होता.

स्क्रीनवर "पेलोटोन २ मिनिटं ४० सेकंद मागे" असं येत राहतं (पेलोटोन म्हणजे मुख्य घोळका). ते वहीत लिहू नका, तो अंदाज असतो, दर मिनिटाला बदलतो. फक्त एक जुना ठोकताळा लक्षात ठेवा: घोळक्याने मनापासून पाठलाग केला तर साधारण १० किलोमीटरला १ मिनिट भरून निघतं. २० किलोमीटर राहिलेत आणि फरक दीड मिनिट असेल तर पळालेले बहुधा सापडणार.

*सावध:* स्क्रीनवर "व्हर्च्युअल लीडर", म्हणजे त्या क्षणी हिशोबाने पुढे असलेला, म्हणून नाव येतं त्यात बोनस धरलेले असतीलच असं नाही. त्यावर विसंबून कोणाशी पैज लावू नका.

५. शेवटची रेषा: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

इथे घाई करू नका, क्रम पाळा.

आधी कितवा आला ते लिहा. मग वेळ. एकाच गटात आलेल्या सगळ्यांना गटातल्या पहिल्याचाच वेळ मिळतो. १०० जणांचा घोळका रेषेवरून जाताना शेवटचा माणूस पहिल्याच्या दहा-बारा सेकंद मागे असू शकतो, तरी कागदावर तो "सेम टाइम". निकालात नावापुढे एस. टी. असं दिसतं ते हेच. नवा माणूस टीव्हीवर आपलं घड्याळ लावून बसतो आणि म्हणतो लीडरने आज आठ सेकंद गमावले. नाही गमावले.

मग गट तुटला कधी म्हणायचं? पुढच्या गटातल्या शेवटच्या सायकलच्या मागच्या चाकापासून मागच्या गटातल्या पहिल्या सायकलच्या पुढच्या चाकापर्यंत १ सेकंद किंवा जास्त अंतर पडलं तर गट तुटला, आणि मागच्यांना त्यांच्या पहिल्याचा वेळ. पण ज्या स्टेजला सगळे एकत्र येऊन स्प्रिंट होणार हे आधीच ठरवून जाहीर केलेलं असतं तिथे हीच मर्यादा ३ सेकंद धरतात, म्हणजे मागे राहिलेल्यांनी जीव धोक्यात घालून फटी बुजवायला जाऊ नये म्हणून. त्यासाठीच पहिल्या पानावर ते लिहून ठेवायला सांगितलं.

यानंतर शेवटच्या ३ किलोमीटरचा नियम. तिथे कोणी पडलं, पंक्चर झालं, चेन तुटली तर त्याला तेव्हा ज्या गटात होता त्या गटाचा वेळ मिळतो, मग तो चालत रेषेवर आला तरी. मात्र कितवा आला ते खरं आलं तेच धरतात. काही स्टेजला ही हद्द ५ किलोमीटरपर्यंत वाढवतात. आणि चढावर संपणाऱ्या स्टेजला, टाइम ट्रायलला हा नियम लागू नसतो. म्हणजे विलुंगावर पाचशे मीटर राहिले असताना चेन पडली तर पडली, सेकंद गेले.

आणि दमून मागे पडला त्याला हा नियम नाही. फक्त अपघात किंवा बिघाड, तोही पंचांनी नोंदवलेला.

*ताळा:* "आजचा फरक" हा रकाना स्टेज जिंकणाऱ्यापासून मोजलाय ना? फार जण लीडरपासून मोजतात आणि मग लीडरचा स्वतःचा तोटा धरायचाच राहतो.

६. बेरीज: एकदा हाताने करून बघा

सूत्र एवढंच: सकाळचा फरक, अधिक आजचा फरक, वजा मधले बोनस, वजा शेवटचा बोनस. काल्पनिक तिघे घेऊ, अ, ब आणि क. तीन स्टेज झाल्यात, चौथी चढावर संपतेय.

सकाळी अ लीडर, म्हणजे ०. ब ७ सेकंद मागे. क १२ सेकंद मागे.

मधल्या स्प्रिंटला ब पहिला आला, उणे ३. अ तिसरा, उणे १. क तिकडे फिरकलाच नाही.

चढावर क एकटा सुटला आणि जिंकला. ४ सेकंदांनी पाच जणांचा गट आला, त्यात ब दुसरा, अ चौथा. त्या गटातले सगळे ४ सेकंद मागे. शेवटचे बोनस: क उणे १०, ब उणे ६, अ चौथा म्हणून काही नाही.

आता मांडा.
अ: ० + ४ − १ = ३
ब: ७ + ४ − ३ − ६ = २
क: १२ + ० − १० = २

सगळ्यात छोटा आकडा २, तो सगळ्यांतून वजा करा. ब शून्यावर, क शून्यावर, अ १ सेकंद मागे. आता हेच पान पुन्हा बघा. टीव्हीवर क एकटा हात वर करून आला, बाकी सगळे खाली मान घालून आले, आणि बघणाऱ्याला वाटतं क ने जर्सी घेतली. अ ने त्या चार जणांतून एकाला मागे टाकून तिसरा नंबर काढला असता तर ४ सेकंदांचा बोनस मिळून जर्सी त्याच्याकडेच राहिली असती. आणि ब ने दोन तास आधी, कोणी नीट बघत नसताना, घेतलेले ते ३ सेकंद नसते तर तो आज तिसरा असता.

७. सारखा वेळ आला तर

आता ब आणि क मध्ये कोण? रेसमध्ये आधी टाइम ट्रायल किंवा प्रोलॉग (सुरुवातीची छोटी टाइम ट्रायल) झाला असेल तर त्यातले सेकंदाचे शंभरावे भाग परत जोडतात, कारण रोजच्या स्टेजला अपूर्णांक सोडून देतात पण टाइम ट्रायलला नोंदवतात. तरी सारखे, किंवा टाइम ट्रायल झालीच नसेल, तर मग प्रत्येक स्टेजला कितवा आला त्या नंबरांची बेरीज (टीम टाइम ट्रायल सोडून). ज्याची बेरीज कमी तो वर. तेही जमलं नाही तर शेवटच्या स्टेजला कोण पुढे होता ते.

आपला ब आत्तापर्यंत ५, २, ३, २ म्हणजे १२. क मात्र ४१, ३, ६, १ म्हणजे ५१. पहिल्या दिवशी क घोळक्यात मागे निवांत ४१ वा आला, वेळ सारखाच मिळाला, काही बिघडलं नाही असं वाटलं. आज बिघडलं. जर्सी ब ला.

२०१८ ला इम्पी-पोर्टचं हेच झालं. टाइम ट्रायल नव्हती, वेळ सारखा, आणि इम्पी सगळ्या स्टेजला पुढच्या नंबरांत येत राहिला होता. विलुंगावर पोर्ट पहिला तर इम्पी लगेच दुसरा. त्याआधी २०१२ ला गेरन्स आणि अलेहांद्रो वाल्वेर्देचंही असंच, वेळ समान आणि नंबरांच्या बेरजेवर गेरन्स. म्हणून "आज कितवा" हा रकाना, निरुपयोगी वाटला तरी, रोज भरायचाच. मी पहिल्या वर्षी तो पाडलाच नव्हता आणि विलुंगाच्या दिवशी सगळे जुने निकाल शोधत बसावं लागलं, तोवर जर्सी देऊन झाली होती.

८. अधिकृत निकाल आल्यावर

तासाभराने निघालेल्या कागदाशी तुमचं पान जुळवा. जुळलं नाही तर आधी स्वतःचा गट चुकला का बघा, दहातल्या आठ वेळा तेच असतं. मग दंड बघा: गाडीच्या आडोशाने सायकल चालवली, चुकीच्या टप्प्यात बाटली घेतली, तर वेळेचा दंड बसतो. मग ३ किलोमीटरचा नियम कोणाला लागू झाला ते.

स्टेजच छोटी झाली का तेही बघा. अॅडलेडचा जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, २०१९ ला उन्हामुळे स्टेजचे किलोमीटर कमी केले होते. अशा वेळी सकाळी मारलेल्या खुणा तशाच ठेवल्या तर नसलेल्या स्प्रिंटची वाट बघत बसाल.

डीएनएफ म्हणजे स्टेज पूर्ण केली नाही, डीएनएस म्हणजे सुरूच केली नाही, ओटीएल म्हणजे ठरलेल्या मुदतीबाहेर पोचला. तिन्हींना वहीतून काटा. पॉइंट्स, डोंगर आणि तरुण खेळाडू यांच्या जर्सी वेगळ्या, त्यांचा हिशोब यात मिसळू नका. टीमचा निकाल म्हणजे रोज त्या टीमच्या पहिल्या तिघांच्या वेळेची बेरीज, एवढं माहीत असलं की झालं.

९. रस्त्यावर उभं राहून बघणार असाल तर

अॅडलेड-मेलबर्नला राहणारे बरेच मराठी लोक सुट्टी काढून विलुंगाला जातात, आणि पुण्यात तर आता दारातून रेस गेली. तिथे स्क्रीन नसते, फरक स्वतः मोजायचा. रस्त्याकडेचा एक खांब ठरवा. पुढच्या गटाचा पहिला माणूस खांबाशी आला की स्टॉपवॉच चालू, मागचा गट आला की त्याच्या पहिल्या माणसावर बंद. लोक लाल झेंड्याच्या गाडीवर किंवा पोलीस मोटरसायकलवर चालू करतात, त्या गाड्या खेळाडूंच्या किती पुढे असतील याला काही धरबंध नसतो.

घोळका गेला की मागून टीमच्या गाड्या येतात. त्यांचा क्रम एकूण निकालातल्या प्रत्येक टीमच्या सगळ्यात वरच्या खेळाडूवरून लागतो, म्हणजे कोणती टीम आत्ता वर आहे ते गाड्या बघूनच कळतं, वही उघडायची पण गरज नाही. लीडर ओळखायचा त्याच्या गेरू रंगाच्या जर्सीवरून. आपल्याकडे गेरू म्हटलं की कुंड्या आणि तुळशीवृंदावन आठवतं, रंग तोच, ऑस्ट्रेलियाच्या मातीचा.

*सावध:* पहिला गट गेला म्हणून रस्ता ओलांडू नका. मागून अजून गट येतात, त्यांच्यामागे गाड्या, आणि अपघातात पडल्यावर परत घोळका गाठायला गाड्यांच्या फटीतून येणारा एकटा खेळाडू, आणि तो उताराला ताशी ७०-८० ने येतो. शेवटची गाडी गेली आणि पोलिसांनी हात खाली केला की मगच. लहान मूल बरोबर असेल तर त्याचा दंड धरा, नुसता हात नाही, घोळका येतानाचा आवाज आणि वारा असा असतो की मुलं एक पाऊल पुढे टाकतातच. कुत्रा घरी ठेवा. फोटोसाठी फोन धरलेला हात कठड्याबाहेर काढू नका, हँडल आणि तुमचं मनगट एकाच उंचीवर असतं.

उभं राहायला चढाचा शेवटचा एक किलोमीटर सगळ्यांनाच हवा असतो, तिथे लाल त्रिकोणी झेंडा लटकत असतो आणि गर्दी तुफान. मी म्हणेन त्याच्या थोडं खाली, जिथे चढ सगळ्यात तिखट आहे तिथे उभे राहा. वेग कमी असतो, चेहरे दिसतात, आणि कोण तोंड उघडं टाकून श्वास घेतोय आणि कोण अजून नाकाने घेतोय हे दोन हातांवरून बघता येतं. वहीतला "आजचा फरक" रकाना मी अर्धा तिथेच भरतो आणि बाकीचा रात्री घरी, अधिकृत कागद आल्यावर, पेन्सिलीवर पेन फिरवून.